वरच्या मजल्यावरचं मशीन

२ फेब्रुवारी

सुनेला ऑफिसातून दोन डायऱ्या मिळाल्या. एक तिने ठेवली, एक माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "आई, काहीतरी लिहीत जा." मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली माझी, मी काय लिहिणार? तर म्हणे, मनात येईल ते. माझ्या मनात येतं ते मी बोलून मोकळी होते, त्यासाठी कागद कशाला नासायचा? पण एवढी जाडजूड वही कोरी पडून राहणार हे काही बघवेना. म्हणून लिहिते. कुणी वाचायची नाही. सूनबाई, वाचत असलीस तर खाली ठेव.

आज लिहिण्यासारखं आहे. मशीन घेतलं. एक हॉटेल बंद पडलं, तिथलं धुण्याचं मशीन. लोखंडी, गोल तोंडाचं, म्हशीएवढं. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरने शब्द दिलाय. या महिन्यात चादरींचा एक गठ्ठा मशीनवर धुऊन दाखवायचा, पसंत पडला तर सगळ्या वॉर्डांचं धुणं माझं. ते काम मिळालं तर शेगडीला कायमची ठेवता येईल. शेगडी म्हणजे माझी इस्त्रीवाली. इस्त्री गार झाली तरी ही तापलेलीच. काम नाही मिळालं तर तिला दुसरं घर बघायला सांगावं लागेल, कारण हल्ली लोक शर्टसुद्धा घरीच धुतात आणि चुरगळलेले घालतात.

हॉटेलचा मिस्त्री सारखा मागे मागे. "बाई, हे ठेवणार कुठे? कितव्या मजल्यावर?" मी म्हटलं, तुला काय खोली भाड्याने हवीय? पाना घे आणि नळ्या सोडव. आणखी काही सांगायला तोंड उघडलं त्याने, पण टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

५ फेब्रुवारी

मशीन चढलं. गच्चीवर लोखंडी तिकाटणं उभं करून त्याला चेनपुली टांगली आणि मागच्या गॅलरीतून आत घेतलं. अर्धी गल्ली बघायला.

आमचं घर असं, की खाली घड्याळवाल्यांचं दुकान, वर आमच्या खोल्या, त्यावर गच्ची. नळ मागच्या अंगणात. म्हणजे धुणं खाली, ओले पिळे जिन्याने गच्चीत, वाळलेलं उतरवून इस्त्रीला, इस्त्रीचं आणखी खाली गिऱ्हाइकाला. डावा गुडघा कुरकुर करतो. करू दे, त्याला कोण विचारतंय. मशीन वर आलं की नळापासून गच्चीपर्यंतचा अर्धा जिना वाचला, हा माझा हिशोब. कुणा शिकलेल्याला विचारावं लागलं नाही.

घड्याळवाले दारात हाताची घडी घालून उभे. "बाई, हे माझ्या डोक्यावर ठेवताय?"

"डोक्यावर नाही, छतावर. डोकं तुमचं खाली आहे."

"तेच म्हणतोय," म्हणाले आणि आत गेले. माणूस बोलतो कमी, पण जे बोलतो ते कुसळासारखं. बायको गेल्यापासून जास्तच.

संध्याकाळी सून आली. मशीनभोवती फिरली, वाकून बघितलं. "आई, याच्या पायांना ही मोठाली भोकं कशाला आहेत?"

"हवा खेळायला."

ती काही बोलली नाही. तिचं हे एक मला आवडत नाही. बोलत नाही आणि बघत बसते.

६ फेब्रुवारी

पहिला घाणा लावला. धुतलं झकास. शेगडीनेसुद्धा तोंड वाकडं केलं नाही. मग मशीन पिळायला लागलं. आधी गुरगुरलं. मग फळीवरचे डबे वाजायला लागले, मग खिडकी, मग माझे दात. शेगडी ओरडली, "बाई, हे चाललं!" आणि खरंच चाललं होतं ते, हळूहळू, दाराकडे, एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखं. मी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले. उपयोग नाही. बटण बंद केलं.

खालून काठीने ठोकल्याचा आवाज. गॅलरीतून वाकले.

"बाई, चिमट्यात स्क्रू होता माझ्या. राईहून लहान. आता तो या जगात नाही."

"शोधा, सापडेल."

"तुम्ही या शोधायला. भिंग देतो."

नाही गेले. मला चादरी हाताने पिळायच्या होत्या.

८ फेब्रुवारी

रविवार. सुनेला सुट्टी. ही बया सकाळपासून जिन्याच्या मधल्या पायरीवर कागद घेऊन बसलेली. मी टोपली घेऊन चढतेय, उतरतेय, आणि ही पाय आखडून घेते, मला वाट देते, कागदावर काहीतरी खरडते. एकदा बघितलं तर नुसते बाण. चौकोन आणि बाण.

म्हटलं, "इंजिनीयर झालीस ना गं तू? मग मशीन बघ की. बाण कसले काढतेस?"

"मी मशीनची इंजिनीयर नाही, आई."

"मग कशाची?"

"कामाची."

"म्हणजे बाकीचे बिनकामाचे?"

हसली. कारखान्यात माणसं काम कशी करतात, माल कुठून कुठे जातो, कुठे उगाच हेलपाटे होतात ते बघते म्हणे. बघते! त्याचा पगार! माझा मुलगा जहाजावर इंजिनीयर आहे, तिथे निदान तेलाने हात काळे होतात. हिचे हात बघा, पेनाची शाई तेवढी.

दुपारी तिने माझ्या हातातली टोपली घ्यायला बघितलं. मी म्हटलं, बस, बाण काढ.

१० फेब्रुवारी

घड्याळवाल्यांनी घरमालकांना फोन केला. मालकांनी इंजिनीयर पाठवला. घरांचा. पोरसवदा, खिशाला लहानसा हातोडा. आला तसा भिंतींना टकटक, खांबांना टकटक, जमिनीला कान लावून टकटक. त्याचं नाव मी टकटक्या ठेवलं. चहा दिला तर म्हणाला, काम झाल्यावर.

मी विचारलं, "पेलेल का नाही पेलणार? एका शब्दात सांग."

"असं सांगता येत नाही. बघावं लागेल."

"तुला कॉलेजात शिकवलं काय मग?"

"हेच," म्हणाला. "बघितल्याशिवाय सांगायचं नाही."

मग त्याने एक वाडगा मागितला. पाणी भरून खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवला आणि मशीन रिकामंच फिरवायला सांगितलं. हळू फिरताना पाणी शांत. जरा वेग वाढल्यावर थरथर. आणखी वाढवला तर पाणी वाडग्याबाहेर. आणि गंमत म्हणजे त्याहून पुढे नेला तर थोडं शांत झालं. मी म्हटलं, हे काय भूत आहे?

तो म्हणाला, "झोपाळ्यावर मूल बसलंय समजा. तुम्ही बोटानेच ढकलताय, पण नेमकं त्याच्या लयीत. झोपाळा कुठे जाईल?"

"वर."

"तसं या फरशीचं. फरशी वजन पेलते. आठ-दहा माणसं इथे बसली तरी काही होणार नाही. पण मशीनची लय आणि तिची लय जुळली की ती झोपाळा होते. आणि पिळताना मशीनला दर वेळी त्या लयीतून जावंच लागतं." मग पायांची भोकं दाखवली. "हे मशीन जमिनीत काँक्रीटच्या चौथऱ्याला बोल्टने आवळून ठेवायचं असतं. वरच्या मजल्यासाठी वेगळं येतं, आत स्प्रिंगा असलेलं. विकणाऱ्याने सांगितलं नाही?"

मी म्हटलं, नाही. त्याला बोलू दिलं नाही हे कशाला सांगू?

"पिळायला चालवू नका. मी लेखी देऊन जातो."

चहा गार झाला होता. तरी प्यायला. बरा मुलगा आहे. पण दिलं काय, तर 'नाही'. 'नाही' म्हणायला इंजिनीयर कशाला लागतो, ते तर शेगडीही दिवसभर म्हणते.

११ फेब्रुवारी

मुलाचा फोन. त्याला सगळं सांगितलं. खदखदून हसला. म्हणाला, "आई, जहाजात सगळंच हलतं. कुणी कुणाला हलवायचं नाही एवढंच आम्ही सांभाळतो." त्यांच्याकडे म्हणे एकेका मशीनखाली रबराच्या गाद्या. मी म्हटलं, मग मीही घालते. तर एकदम गंभीर. "तुझं मशीन त्या जातीचं नाही. घरांचे इंजिनीयर सांगतील तसं कर. ते माझं क्षेत्र नाही."

शिकलेल्या माणसाचं हे मला कळत नाही. मी पोटात वाढवलेला पोरगा, सगळं शिकून आला, आणि फरशीचं विचारलं तर म्हणतो माझं क्षेत्र नाही. मी पण उद्यापासून म्हणते, बाह्यांची इस्त्री माझं क्षेत्र नाही.

१३ फेब्रुवारी

सिस्टरने गठ्ठा पाठवला. चादरी, अभ्रे. महिनाअखेरीला परत हवा. मशीनवर धुतलेलाच, कारण रोजचं धुणं हाताने उरकणार नाही हे तिलाही माहीत. सोबत एक कागद, पाणी किती गरम, पावडर कुठली, किती वेळ. सुनेला वाचायला दिला. म्हणाली, "हे केमिकलवाल्याने लिहिलंय." साबणाचाही इंजिनीयर असतो म्हणे! मळ आणि कापड यांतलं कोण आधी सुटेल हे तो ठरवतो.

रबराची जुनी पायपुसणी आहेत माळ्यावर. नुसता विचार लिहिते आहे.

१४ फेब्रुवारी

केलं. वाटलं, एकदाच. सून ऑफिसात, टकटक्याचा कागद फळीवर. पायपुसणी चौपदरी करून पायांखाली घातली, गठ्ठ्यातल्या निम्म्या चादरी टाकल्या आणि पिळायला लावलं. शेगडी म्हणत होती, नको. मी म्हटलं, तू नको म्हणायला शिकूनच जन्माला आलीस.

पायपुसणी निसटली. मशीन असं काही उडालं की मागची नळी तुटली. पाणी धो धो. बोर्डातून चर्र आवाज आणि सगळं बंद. वीज गेली म्हणूनच थांबलं ते. पाणी फरशीच्या कडेने गेलं. खाली. घड्याळवाल्यांच्या टेबलावर.

पुढे आज लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

कालचं लिहून टाकते.

खाली धावले तेव्हा ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते उघड्या घड्याळांवर पालथे पडल्यासारखे टेबल झाकून उभे होते, पाठीवर पाणी ठिबकतंय. मला बघून एवढंच म्हणाले, "फडकी आहेत? धागे न सुटणारी?"

फडक्यांचं मला सांगायला नको. वरून धुऊन मऊ झालेले जुने अभ्रे आणले. मग दिवस मावळेपर्यंत बसलो. ते चिमट्याने एकेक चाक उचलून माझ्या पुढच्या फडक्यावर ठेवणार, मी टिपणार. फुंकर मारायची नाही, श्वासातही पाणी असतं म्हणे. दोनदा माझ्या तोंडून काहीतरी निघालं, दोन्ही वेळा त्यांनी बोट वर केलं. एवढा वेळ मी गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

खालच्या दुकानात किती अंधार आहे ते प्रथमच पाहिलं. भर दुपारी दिवा लावून, खुर्ची दारापर्यंत ओढून काम करतात, आणि दार उघडं म्हणून रस्त्याची धूळ आत.

निघताना म्हटलं, "चुकलं माझं."

ते म्हणाले, "हं." मग म्हणाले, "अभ्रे चांगले आहेत."

१६ फेब्रुवारी

सून मैत्रिणीला घेऊन आली. विजेची इंजिनीयर, चष्मेवाली, हातात मीटर. बोर्ड उघडला आणि बघतच राहिली. मग मला विचारलं, "काकू, पाण्यात उभं राहून तुम्ही मशीनला हात लावला होतात?"

"पाठ लावली होती. आधीच्या खेपेला. परवा जवळ गेलेच नाही, पाणी बघून खाली पळाले."

तिने सुनेकडे बघितलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला. अर्थिंगची तार म्हणे कुठेच पोचलेली नव्हती, नुसती भिंतीत खोचलेली. "परवा फ्यूज उडाला म्हणून," एवढं बोलून ती थांबली. मी म्हटलं, पुढचं बोल, अर्धवट बोललेलं मला चालत नाही. सून म्हणाली, "नको." आणि आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा नाक लाल. सर्दी झाली असेल, हवा तशीच आहे.

१८ फेब्रुवारी

आज भांडण झालं. नीट, तोंडभर भांडण, सुनेशी. लग्न होऊन आल्यापासून पहिलं. मला तर बरंच वाटलं, मुलगी मुकी नाही.

तिने तो बाणांचा कागद जेवायच्या टेबलावर पसरला. चौकोन म्हणजे नळ, खोली, गच्ची, दार. बाण म्हणजे कपडे कुठून कुठे जातात ते. म्हणाली, "आई, मशीन खाली न्यायचं. चौथरा जमिनीतच होतो. घड्याळवाले काका वर. त्यांना उजेड, तुम्हाला जमीन."

मी म्हटलं, माझं घर मी सोडू?

"घर नाही, पुढची एक खोली. जिना बाहेरून आहेच. राहायच्या खोल्या तशाच."

"आणि वाळत घालायला गच्चीत कोण नेणार? आता तर तळापासून शेंड्यापर्यंत!"

"चेनपुली अजून वर तशीच टांगलेली आहे. मशीन चढलं ना तिने? मग टोपली चढणार नाही? कपडे चढतील. तुम्ही चढायचं नाही."

"मला म्हातारी ठरवतेस?"

"मी काहीच ठरवत नाही, मी मोजलंय!" चक्क ओरडली. टेबलावर हात आपटला. मग मला कागदावर एक रेघ दिसली, बाकी सगळ्यांहून जाड, जिन्याच्या चौकोनातून वर-खाली, वर-खाली. विचारलं, ही कसली?

"त्या तुम्ही आहात, आई."

"मी एवढी जाड?"

"एवढ्या वेळा गेलात. प्रत्येक खेपेला एक रेघ. शेवटी कागद फाटला."

खरंच फाटला होता तिथे. मागून चिकटपट्टी लावलेली.

मी म्हटलं, बघू. जेवण गार झालं होतं, ते गरम केलं.

१९ फेब्रुवारी

खाली गेले. सरळ सांगितलं, "तुम्ही वर, मी खाली. खोली बघून घ्या."

घड्याळवाले भिंग डोळ्याला तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग वर आले. पुढच्या खोलीत खिडकीपाशी उभे राहिले. खिशातून घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं, उजेडात धरलं. फिरवून फिरवून बघत राहिले. मला घाई होती, दूध गॅसवर होतं.

"ही खिडकी दिवसभर अशीच?"

"मग काय, संध्याकाळी मिटून ठेवते का मी?"

"गिऱ्हाइकांना जिना चढावा लागेल."

"चढतील. मी इतकी वर्षं चढले, मेले का?"

तेव्हा हसले. त्यांना हसताना गल्लीतल्या कुणी पाहिलं नसेल. दूध ऊतू गेलं.

२१ फेब्रुवारी

टकटक्या आला, मालकांची चिठ्ठी घेऊन. खालच्या दुकानाची मधली फरशी उखडून खड्डा घेतला. चौथरा घराच्या जमिनीला चिकटवायचा नाही, चारी बाजूंनी बोटभर फट ठेवायची. परवा काँक्रीट ओतणार. पण त्यानंतर लगेच मशीन बसवायचं नाही. पाणी मारत राहायचं, मार्चच्या मध्यापर्यंत.

"तोवर माझा गठ्ठा?"

"काँक्रीटला सांगून बघा," म्हणाला. माझ्यासारखं बोलायला लागलाय.

शेगडीने कानात सांगितलं, "हाताने धुऊन देऊ हो. मशीनवर धुतलं म्हणायचं. सिस्टरला काय कळतंय?"

कळणार नाही हे मलाही माहीत आहे.

२४ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. गठ्ठा परत नेला. निम्म्या चादरी त्या दिवशी मशीनमध्ये अर्धवट राहिल्या होत्या, त्या हाताने धुतल्या, आणि हाताने धुतल्या असं सांगितलं. मोठ्या सिस्टर टेबलामागे औषधं लावत होत्या.

"मशीनचं काय झालं?"

सगळं सांगितलं. पाणी, घड्याळं, फ्यूज. सांगताना आवाज वाढला माझा, बाहेरचे पेशंट डोकावले.

"कधी सुरू होईल मग?"

"सांगता येत नाही. चौथरा पक्का झाल्यावर. इंजिनीयर बघेल, मग." हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मलाच माझा राग आला. "नसेल थांबायचं तर दुसऱ्याला द्या. मी लगेच देते असं म्हणणार नाही."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "मागचा लॉन्ड्रीवाला रोज लगेच देतो म्हणायचा. ऑपरेशनच्या दिवशी चादरी नसायच्या."

"मग?"

"मग बघू."

'बघू' म्हणजे हो का नाही, हे विचारायला तोंड उघडलं तोवर फोन वाजला. शेगडीला काय सांगू? तिला खरं तेच सांगितलं.  तिने दिवसभर इस्त्री अशी केली की एक सुरकुती सापडू नये.

३ मार्च

पाणी मारते. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दगडाला पाणी पाजणारी बाई म्हणून गल्ली हसते. घड्याळवाले वर गेले. जाताना टेबल, दिवा आणि एक मोठं भिंतीचं घड्याळ नेलं. आता माझ्या डोक्यावर ते. टिकटिक ऐकू येत नाही. मी कान देऊन बघितलं.

९ मार्च

चौथरा छान उठलाय, गुळगुळीत. पण ती भोवतालची फट फार वाईट दिसते. त्यात कचरा जाणार, पाणी जाणार, झुरळं होणार. थोडं सिमेंट उरलं होतं. कालवलं. थापी हातात घेतली, गुडघा टेकून बसलेसुद्धा.

मग थांबले. का ते माहीत नाही. सुनेचा तो पांढरा चेहरा उगाचच डोळ्यांपुढे आला. उठले, टकटक्याला फोन लावला.

"ती फट राहून गेलीय का मुद्दाम आहे?"

  तो ओरडलाच, "बाई, बुजवलीत?"

"बुजवली असती तर विचारलं असतं का?"

"मुद्दाम आहे. चौथऱ्याला हलू द्यायचं, घराला नाही. ती बुजली असती तर सगळी थरथर भिंतींत. वरच्या काकांच्या चिमट्यापर्यंत."

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा वाळूवाल्याशी भांडत होतात." आणि मग म्हणाला, "तुम्ही विचारलंत ना, बरं वाटलं."

बरं वाटलं म्हणे. कालवलेलं सिमेंट वाया गेलं, त्याने मागच्या अंगणातली पायरी लिंपली. फटीत आता त्याने सांगितलेली रबराची पट्टी बसणार.

१६ मार्च

आज लावलं.

चष्मेवालीने सकाळीच नवा बोर्ड तपासला. तार जमिनीत खोल गाडलीय, ती मी डोळ्यांनी बघून घेतली. मुलाने बोल्ट किती आवळायचे ते फोनवरून सांगितलं आणि टकटक्याने त्याच्याशी त्यावरून वाद घातला, दोघांची क्षेत्रं वेगळी असूनही. केमिकलवाल्याच्या कागदाप्रमाणे पावडर सुनेने मोजून टाकली. घड्याळवाले वर बसले, टेबलावर एक उघडं घड्याळ ठेवून. दाराशी शेगडी, पळता येईल अशा बेताने.

धुतलं. मग पिळायला लागलं. गुरगुर. माझे दात मी आधीच आवळून धरले होते. वेग वाढला, आणखी वाढला, कपडे दिसेनासे झाले. टकटक्याने जमिनीवर वाडगा ठेवलेला. सगळे त्याच्याकडे बघतायत. पाणी हललं नाही.

मी जिन्यापाशी जाऊन ओरडले, "घड्याळवाले! काही होतंय का?"

वरून आवाज आला, "सुरू केलंत?"

मशीन थांबलं.  मी म्हटलं, "झालं? एवढंच?" मला काय हवं होतं कोण जाणे. एवढे इंजिनीयर, घरांचा, विजेची, जहाजाचा, साबणाचा, आणि ही माझी बाणांची, सगळ्यांनी मिळून एवढं डोकं लावलं, आणि शेवटी झालं काय, तर काहीच नाही झालं.

टकटक्या म्हणाला, "बाई, त्याचेच पैसे घेतो आम्ही."

चहा केला. या खेपेला त्याने गरम प्यायला.

१९ मार्च

मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. त्यांनीच पुन्हा पाठवलेला, मशीनवर धुतलेला गठ्ठा उलगडला, चादर नाकाला लावली, शिवण ताणून बघितली. मग चौथऱ्याभोवती फिरल्या. म्हणाल्या, "या चौथऱ्यासाठी थांबायला लावलंत होय मला?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मंगळवारपासून गाडी पाठवते. सगळ्या वॉर्डांची."

त्या गेल्यावर शेगडी मशीनपाशी जाऊन उभी राहिली आणि मशीनला म्हणाली, "मेल्या!" आणि रडली. मी तिला दोन दिवस सुट्टी देते म्हटलं तर म्हणाली, मंगळवारची तयारी कोण करणार, तुमची सून?

२३ मार्च

उद्या गाडी. चेनपुलीने टोप्या चढवायला शेगडी शिकली. ओढताना गाणं म्हणते, बेसूर. जिना मी आज एकदाच चढले, तेसुद्धा घड्याळवाल्यांना चहा द्यायला. गुडघा गप्प आहे. काय झालंय त्याला, कळत नाही.

संध्याकाळी सून ऑफिसातून आली, दारातच थांबली, इकडे बघ, तिकडे बघ. मी ओळखलं.

"बोल. काय दिसलं?"

"काही नाही, आई."

"बोल म्हणते ना."

"इस्त्रीचं टेबल उलट्या बाजूला आहे. शेगडीताईंना प्रत्येक चादरीला मागे वळावं लागतं."

मी म्हटलं, इस्त्री तुझ्या जन्माआधीपासून करते मी. टेबल कुठे ठेवायचं ते आता बाणवाली सांगणार? तोंड धू, जेवायला बस.

ती तोंड धुवायला गेली.

शेगडीला हाक मारली, एका बाजूने तिने धरलं, एका बाजूने मी. टेबल फिरवलं.